एक वाडा, सहा वारस आणि पॅनचे अर्ज

फेब्रुवारी २०२४ मधली गोष्ट. सातारा जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावाहून दोघीजणी माझ्या कार्यालयात आल्या. एक ८१ वर्षांच्या आजी आणि दुसऱ्या त्यांच्या थोरल्या सूनबाई. सूनबाईंना सगळं गाव वहिनी म्हणतं, म्हणून मीही वहिनीच म्हणते. कापडी पिशवीत मिळकत पत्रिकेचा उतारा, आजोबांच्या मृत्यूचा दाखला, वारस नोंदीचे कागद आणि वहीच्या पानावर वकिलांनी लिहून दिलेली सहा नावं.

"वाडा विकायचाय," वहिनी म्हणाल्या. "गिऱ्हाईक नव्वद लाख देतंय. वकील म्हणतात, सगळ्यांची पॅन कार्डं लागतील. सहाजणांत माझं एकटीचं आहे."

आजींनी मध्येच विचारलं, "बाई, मला ना शेत ना दुकान. मालकांच्या मागं पेन्शन येते तेवढीच. मला कसलं आलंय इन्कम? मला देतील का ते कार्ड?"

गेली अनेक वर्षं मी करसल्लागार म्हणून काम करते आणि आजींचा प्रश्न वेगवेगळ्या तोंडून ऐकते. घरी बसणाऱ्या बाईला पॅन मिळतं का, लहान मुलाला मिळतं का, परदेशी पासपोर्टवाल्याला मिळतं का. एवढे सगळे प्रश्न एकाच घरातून, एकाच व्यवहारात आले ते या वाड्याच्या निमित्ताने. म्हणून हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे. घरातल्यांची परवानगी घेतली आहे. नावं आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

आधी एक खुलासा. हे सगळं १९६१ च्या आयकर कायद्याखाली घडलं. १ एप्रिल २०२६ पासून त्याच्या जागी २०२५ चा कायदा आला आणि कलमांचे क्रमांक बदलले. तेव्हा अर्ज करताना कलमाचा आणि फॉर्मचा त्या दिवशीचा क्रमांक पाहून घ्यावा.

कायद्याने पॅन कोणाला घ्यावंच लागतं, ते कलम १३९ए मध्ये आहे. करपात्र मर्यादेपेक्षा जास्त उत्पन्न असणाऱ्याला, धंद्याची वर्षाची उलाढाल ५ लाखांच्या वर जाणाऱ्याला, आणि अशी आणखी काही मंडळी. लोक इथपर्यंतच वाचतात आणि समजतात की बाकीच्यांना पॅन मिळत नाही. त्याच कलमाचं तिसरं पोटकलम मात्र म्हणतं की इतर कोणीही व्यक्ती अर्ज करू शकते. वयाची अट नाही, उत्पन्नाची नाही, नागरिकत्वाचीही नाही. म्हणून आजींच्या प्रश्नाला माझं उत्तर एका शब्दाचं होतं: "देतील."

खरी मेहनत पुढे होती. कोणाचा अर्ज कोणी करायचा, कोणत्या फॉर्मवर, कोणाच्या सहीने? या घरात वहिनी सोडून बाकीच्या पाचजणांसाठी त्याची पाच वेगळी उत्तरं निघाली.

वाटे कसे पडले

वाडा आजोबांनी नोकरीच्या पैशातून घेतलेला. ते २०१६ मध्ये मृत्युपत्र न करता गेले. दोन मुलगे, दोन मुली. थोरली मुलगी २०१२ मध्येच लंडनला वारली होती, तिच्या मागे तिची एकुलती एक मुलगी. हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आजोबांच्या इस्टेटीचे पाच वाटे झाले: आजी, थोरला मुलगा, धाकटा मुलगा, धाकटी मुलगी आणि वारलेल्या मुलीच्या जागी तिची मुलगी. जावई वारस होत नाहीत.

पुढे २०२१ मध्ये थोरला मुलगा गेला. त्याच्या पाचव्या हिश्शाचे पुन्हा तीन भाग झाले: वहिनी, त्यांचा मुलगा (२०२४ मध्ये पंधरा वर्षांचा) आणि आजी. मुलाच्या मालमत्तेत आईसुद्धा पहिल्या वर्गाची वारस असते, हे गावोगावी विसरलं जातं. इथेही आजींचं नाव त्या नोंदीत राहूनच गेलं होतं आणि वकिलांनी ते शोधून घालायला लावलं. पंधरा भाग धरले तर आजींचे चार, वहिनींचा एक, मुलाचा एक आणि बाकी तिघांचे तीन-तीन. रुपयांत सांगायचं तर आजींना २४ लाख, वहिनींना ६, मुलाला ६, आणि धाकटी मुलगी, धाकटा मुलगा, लंडनची नात यांना प्रत्येकी १८ लाख.

पुढच्या भेटीत हा हिशोब मी टेबलावर कागदावर मांडला तेव्हा वहिनींबरोबर आलेला त्यांच्या माहेरचा एक मुलगा म्हणाला, "मॅडम, एवढे उपद्व्याप कशाला? घराण्याचं एकच एचयूएफचं पॅन काढू, सगळ्यांचं काम होईल."

सूचना सोपी होती, पण चुकीची. अविभक्त हिंदू कुटुंब, म्हणजेच एचयूएफ, ही कराच्या दृष्टीने वेगळी व्यक्ती असते आणि तिला पॅनही वेगळं मिळतं. पॅनच्या दहा अक्षरांतलं चौथं अक्षर कुटुंबाला एच आणि माणसाला पी असतं ते त्यामुळेच. पण हा वाडा कुटुंबाचा नव्हता. बापाची स्वकष्टार्जित मिळकत १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याच्या कलम ८ प्रमाणे मुलाकडे येते तेव्हा ती त्याची स्वतःची असते, त्याच्या कुटुंबाची नसते. सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन यांच्या खटल्यात हेच सांगितलं. सहा मालक आहेत तर सहा पॅन.

पॅन नसेल तर नुकसान किती, हेही त्यांना आकड्यांत सांगितलं. खरेदीदार निवासी विक्रेत्याच्या रकमेतून १ टक्का कर कापतो, पण विक्रेत्याकडे पॅन नसेल तर २० टक्के. म्हणजे आजींचे २४,००० रुपये कापायचे तिथे ४,८०,००० जातात. शिवाय जादा कापलेला कर परत मागायचा तर विवरणपत्र भरावं लागतं आणि त्यालाही पॅन लागतं. त्या वेळी वकिलांचं म्हणणं होतं की प्रत्येकाचा वाटा ५० लाखांच्या आत आहे, मग कपात कशाला? पण जुलै २०२४ च्या अर्थसंकल्पाने १ ऑक्टोबरपासून नियमच स्पष्ट केला: मर्यादा बघताना सगळ्या विक्रेत्यांची रक्कम एकत्र धरायची. आमचं खरेदीखत त्यानंतर झालं. आधीच पॅन काढून ठेवली होती म्हणून निभावलं.

आजी

आजींनी इतकी वर्षं बँकेत फॉर्म ६० देऊन काम भागवलं होतं. आपल्याकडे पॅन नाही, असं सांगणारं ते घोषणापत्र. पेन्शनपुरतं ते ठीक होतं. वाड्याच्या विक्रीतला नफा मात्र करपात्र ठरणार होता, त्यामुळे आता पॅन घेणं त्यांना बंधनकारकच होतं.

अडचण आधारची होती. १ जुलै २०१७ पासून पॅनच्या अर्जात आधार क्रमांक द्यावा लागतो. ज्यांच्याकडे आधार नाही अशा काहींना त्यातून सूट आहे, त्यात ८० वर्षं पूर्ण झालेलेही येतात. पण आजींकडे आधार होतं, म्हणून सूट लागू नव्हती. त्यांच्या आधारवर जन्माचं नुसतं वर्ष होतं, तारीखच नव्हती. शिवाय आधारवर नावापुढे 'बाई' आणि पेन्शनच्या कागदावर नुसतं नाव. त्या पिढीच्या निम्म्या बायकांचे कागद असेच असतात.

त्यात येताना एका केंद्रावरून त्या फॉर्म भरून घेऊन आल्या होत्या. वडिलांच्या नावाच्या रकान्यात यजमानांचं नाव. आपल्याकडे बाईच्या नावात मधलं नाव नवऱ्याचं लागतं, म्हणून भरणाऱ्याच्या हातून हे सहज होतं. पण पॅनच्या अर्जात विवाहित बाईलासुद्धा वडिलांचंच नाव द्यावं लागतं. मी विचारलं, "आजी, तुमच्या वडिलांचं नाव काय?" त्या क्षणभर गप्प झाल्या. म्हणाल्या, "साठ वर्षांत कुणी इचारलं न्हाई गं." मग त्यांनी नाव सांगितलं आणि गावही सांगितलं, गावाला रकाना नव्हता तरी.

तो फॉर्म आम्ही वापरला नाही. पेन्शनच्या कागदावर पूर्ण जन्मतारीख होती. तिच्या आधारे आधी आधारवरची तारीख आणि नाव दुरुस्त केलं आणि वहिनींचा मोबाइल त्याला जोडला. मग आयकर खात्याच्या संकेतस्थळावर आधारच्या ओटीपीवर मिळणारं तत्काळ ई-पॅन काढलं. त्याला पैसे पडत नाहीत. आधार दुरुस्तीला गेले पाच आठवडे आणि पॅनला दहा मिनिटं.

मुलगा

वहिनींच्या माहेरच्या मुलाने घरी बसून भाच्याचंही तसंच ई-पॅन काढायचा प्रयत्न केला. ते झालं नाही, होणारही नव्हतं. ती सोय सज्ञानांपुरतीच आहे. अज्ञान, म्हणजे अठरा वर्षांखालच्या, मुलाचा अर्ज फॉर्म ४९ए वरच करावा लागतो. फॉर्मच्या चौदाव्या रकान्यात प्रतिनिधीचं नाव, म्हणजे इथे आईचं, आणि सहीही तिचीच. ओळखीचा आणि पत्त्याचा पुरावा आईचा चालतो, जन्मतारखेचा मुलाचा. कार्ड मुलाच्या नावाचं येतं, पण त्यावर फोटो आणि सही नसते. अठरा पूर्ण झाले की बदलाचा अर्ज करून दोन्ही घालून घ्यायची. क्रमांक तोच राहतो.

वहिनींनी विचारलं, वडील गेलेत तर तो रकाना रिकामा ठेवायचा का? मी म्हणाले, ठेवू नका. गेले तरी वडील तेच. आईचंही नाव देता येतं आणि कार्डावर दोघांपैकी कोणाचं छापायचं ते निवडता येतं. मुलाने वडिलांचं निवडलं.

इथे वकिलांचं आणि माझं मत वेगळं होतं. करपात्र उत्पन्न नसलेल्या अज्ञानाने व्यवहारात आई-वडिलांचं पॅन दिलं तरी चालतं, असं नियम ११४बी म्हणतो. शिवाय मुलाचा नफा कलम ६४ प्रमाणे आईच्याच उत्पन्नात धरला जाणार होता. वकील म्हणाले, मग वेगळं पॅन कशाला? माझं म्हणणं असं की मुलाच्या नावावर नफा होतोय, तो करापुरता आईकडे मोजला जातो इतकंच. त्यामुळे 'करपात्र उत्पन्न नाही' असं छातीठोकपणे लिहून देणं मला पटत नव्हतं. मुलाचे सहा लाख त्याच्या नावाच्या ठेवीत जाणार होते आणि तिथे त्याचं स्वतःचं पॅन असलेलं बरं. खर्च १०७ रुपये. शेवटी वकीलही हो म्हणाले.

आक्का

या प्रकरणातला जो भाग माझ्या मनाला सगळ्यात जास्त लागला, तो हा.

धाकट्या मुलीला घरात सगळे आक्का म्हणतात. वय ४८. जन्मापासून बौद्धिक अक्षमता. स्वतःचं नाव सांगतात, माणसं ओळखतात, आजींच्या देवपूजेची तयारी करतात, पैशाचा हिशोब कळत नाही. पहिल्या भेटीत वहीच्या पानावर त्यांच्या नावापुढे पेन्सिलीने लिहिलेलं होतं: 'हक्कसोड'.

म्हणजे आक्कांच्या वतीने कोणीतरी हक्कसोडपत्र करून द्यायचं आणि त्यांचा वाटा बाकीच्यांत वाटून घ्यायचा. कोणाच्या मनात वाईट होतं असं मला वाटत नाही. "त्यांना कसलं पॅन मिळणार? आणि पैसे घेऊन त्या करणार काय? आम्ही सांभाळतोयच की," असं मला शांतपणे सांगण्यात आलं. आपल्या भागात बहिणींची हक्कसोडपत्रं इतकी सहज होतात की त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही. पण बाकीच्या बहिणी निदान स्वतः सही करतात. आक्कांना ती कशाची सही आहे हेच कळणार नव्हतं. त्यांच्या वतीने त्यांचे अठरा लाख सोडून द्यायचा अधिकार कोणालाच नाही, पालकालाही नाही.

मी त्या दिवशी जरा आवाज चढवून बोलले. पॅन मिळत नाही म्हणून वाटा सोडायचा, असं असेल तर ऐका: पॅन मिळतं. स्वतःचे व्यवहार न कळणाऱ्या माणसालाही कर लागू शकतो, म्हणून आयकर कायद्यानेच कलम १६० मध्ये प्रतिनिधीची सोय केली आहे. क्रमांक त्या माणसाचा, अर्ज आणि सही पालकाची.

पण हा पालक ठरवायचा कोणी? अज्ञान मुलाची आई आपोआप पालक असते. अठरा वर्षांपुढच्या माणसाचे आई, भाऊ, वहिनी कोणीच आपोआप पालक नसतात. आजी इतकी वर्षं आक्कांची आई म्हणून सगळीकडे सह्या करत आल्या होत्या आणि कोणी हटकलंही नव्हतं, पण कायद्याच्या दृष्टीने त्या सह्यांना आधार नव्हता. १९९९ चा राष्ट्रीय न्यास कायदा इथे उपयोगी पडतो. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असणाऱ्यांसाठी तो आहे. प्रत्येक जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते. आई-वडील किंवा नातेवाईक तिच्याकडे अर्ज करतात आणि समिती पालक नेमून प्रमाणपत्र देते. आजींनी अर्ज केला आणि पालक म्हणून वहिनींचं नाव सुचवलं. "माझ्या मागं तिलाच बघायचंय," एवढंच त्या समितीसमोर म्हणाल्या.

वहिनींनाही मी स्पष्ट सांगितलं होतं की हा मान नाही, जबाबदारी आहे. पालकाने सहा महिन्यांच्या आत त्या व्यक्तीच्या मालमत्तेची यादी द्यायची आणि दरवर्षी हिशोब द्यायचा. त्यांनी दोन दिवस विचार केला. मग फोन केला: "वन्संचं वेगळं खातं कसं काढायचं, ते सांगा."

दरम्यान वहिनींच्या माहेरचा तो हुशार मुलगा आक्कांच्या आधारवर, स्वतःच्या मोबाइलवर ओटीपी घेऊन तत्काळ ई-पॅन काढायच्या बेतात होता. ते कदाचित निघालंही असतं, कारण आधारवर वय ४८ दिसतं. पण ज्यांच्यासाठी प्रतिनिधी लागतो अशांना ती सोय नाही. शिवाय तसं काढलेलं पॅन नोंदीला एका सज्ञान, स्वतःचे व्यवहार स्वतः करणाऱ्या बाईचं झालं असतं, आणि तो फोन ज्याच्या हातात तो त्यांच्या नावाने काहीही करू शकला असता. मी त्याला थांबवलं. जुलैमध्ये समितीचं प्रमाणपत्र आलं. ते जोडून फॉर्म ४९ए भरला, प्रतिनिधीच्या रकान्यात वहिनी. ऑगस्टमध्ये कार्ड आलं. आक्कांनी ते देवघरात नेऊन ठेवलं.

दोघे परदेशातले

धाकटे चिरंजीव न्यू जर्सीत असतात. अमेरिकन नागरिक, ओसीआय कार्डधारक (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं कार्ड). फोनवर म्हणाले, "माझंही नवीन काढून टाका." मी विचारलं, अमेरिकेला जाण्याआधी नोकरी कुठे करत होता? पुण्यात, २००२ पर्यंत. मग पॅन असणारच. आणि होतंच, कार्ड तेवढं हरवलं होतं. एका माणसाला दोन पॅन घेता येत नाहीत, त्याला १०,००० रुपयांचा दंड आहे. नागरिकत्व बदललं म्हणून नवा क्रमांक मिळत नाही. म्हणजे वहिनींसारखाच यांनाही नवा अर्ज करताच येत नव्हता.

पण जुनं पॅन निष्क्रिय झालं होतं. आधारशी जोडलं नाही म्हणून १ जुलै २०२३ पासून कोट्यवधी पॅन निष्क्रिय झाली, त्यात परदेशी राहणारेही सापडले, कारण खात्याच्या नोंदीत ते अजून 'निवासी' होते. त्यावर उपाय म्हणजे आपल्या आयकर अधिकाऱ्याला पासपोर्टच्या प्रतीसह कळवणं की मी अनिवासी आहे. ते केलं, मग पत्ता बदलाचा अर्ज केला.

लंडनची नात तेवीस वर्षांची, जन्माने ब्रिटिश नागरिक, ओसीआयही काढलेलं नाही. तिला वाटत होतं की पॅन भारतीयांनाच मिळतं. पॅन हा नागरिकत्वाचा पुरावा नाही, तसंच नागरिकत्व ही पॅनची अट नाही. परदेशी नागरिकांसाठी वेगळा फॉर्म आहे, ४९एए. आधार लागत नाही. पासपोर्टची आणि तिथल्या बँकेच्या उताऱ्याची प्रत जोडायची, आणि आमच्याकडे त्या प्रती अपॉस्टिल केलेल्या (तिथल्या सरकारच्या शिक्क्याने खऱ्या ठरवलेल्या) किंवा भारतीय दूतावासाने साक्षांकित केलेल्या मागितल्या गेल्या. तिने पहिल्यांदा नुसत्या झेरॉक्स पाठवल्या आणि अर्ज अडला. दुसऱ्यांदा अपॉस्टिल करून पाठवल्या. परदेशी पत्त्यावर कार्ड मागवायला तेव्हा हजाराच्या थोडे वर रुपये पडले.

या दोघांना १ टक्क्याचा नियम लागू नाही. अनिवासी विक्रेत्याची कपात कलम १९५ खाली होते, तिला ५० लाखांची मर्यादा नाही, आणि खरेदीदाराला त्यासाठी तेव्हा टॅन, म्हणजे कर कापणाऱ्याचा वेगळा क्रमांक, काढावा लागला. खरेदीदाराने अठरा लाखांच्या पूर्ण रकमेवर कर कापू नये म्हणून दोघांनी कलम १९७ खाली कमी कपातीचा दाखला मागितला. त्या अर्जालाही पॅन आधी लागतंच.

खरेदीखत

मुलाच्या वाट्याच्या विक्रीला न्यायालयाची परवानगी लागते. आक्कांच्याही वाट्यासाठी ती घ्यावी असा वकिलांचा सल्ला होता. त्यात डिसेंबर उजाडला. जानेवारी २०२५ मध्ये दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात खरेदीखत झालं. परदेशातल्या दोघांच्या वतीने मुखत्यारपत्रावर सह्या झाल्या. दस्तात सहाही नावांपुढे सहा पॅन होती. एक टक्क्याने आजींचे २४,०००, वहिनींचे आणि मुलाचे ६,००० प्रमाणे, आक्कांचे १८,००० कापले गेले आणि ज्याच्या त्याच्या पॅनवर जमा झाले. आक्कांचं विवरणपत्र प्रतिनिधी म्हणून वहिनींनी भरलं.

आक्कांचे पैसे गावातल्याच बँकेत त्यांच्या नावाने मुदत ठेवीत आहेत. व्याज वर्षाला सव्वा लाखाच्या आसपास. ते करपात्र मर्यादेच्या खूप आत आहे, म्हणून एप्रिल २०२५ मध्ये वहिनी फॉर्म १५जी, म्हणजे व्याजातून कर कापू नका असं सांगणारा फॉर्म, द्यायला बँकेत गेल्या. त्यावर खातेदाराचं पॅन नसेल तर तो फॉर्म चालत नाही. काउंटरवरच्या बाईंनी क्रमांक विचारला. वहिनींनी कार्ड काढायला पर्स उघडली, तेवढ्यात शेजारी उभ्या असलेल्या आक्का म्हणाल्या, "माझंय ते."